सोफा-कार्पेट क्लीनिंगचा छोटा धंदा आहे, असोसिएशनची मेंबरशिप घ्यावी का?

चिंचवडचा_क्लीनर

नमस्कार मंडळी. माझं पिंपरी-चिंचवडला सोफा, कार्पेट, गाद्या, ऑफिसच्या खुर्च्या धुवायचं काम आहे. मी आणि दोन पोरं, एक एक्स्ट्रॅक्शन मशीन (पाणी मारून मळासकट परत ओढून काढणारं), एक मोठा वेट-ड्राय व्हॅक्यूम आणि सामान न्यायला सेकंडहँड ओम्नी. घरची कामं सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरनं येतात, दिवाळीच्या आधी महिनाभर जेवायला वेळ मिळत नाही आणि पावसाळ्यात निम्मं काम बंद कारण सोफा वाळतच नाही, वास मारायला लागतो आणि मग लोकं फोन करतात. म्हणून आता हिंजवडी-बाणेरकडची ऑफिसं पकडायची आहेत, तिथं कार्पेट टाइल्स असतात, काम शनिवार-रविवारी आणि एसी चालू ठेवला की सोमवारपर्यंत वाळून जातं.

मुद्दा असा की एका व्यापारी संघटनेकडून सारखे फोन येतायत, मेंबर व्हा म्हणून. फी वर्षाला २०,००० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे २३,६००. त्यात डिरेक्टरीत नाव, लोगो वापरायची परवानगी, सर्टिफिकेट, वर्षातून काही कार्यक्रम. मी ऑफिसला ८ रुपये स्क्वेअर फूट लावतो, ३००० फुटाचं ऑफिस धरलं तर २४,००० चं बिल, त्यात केमिकल, पोरांचा पगार, पेट्रोल, जेवण जाऊन हातात ८-९ हजार. म्हणजे जवळजवळ तीन ऑफिसांची कमाई नुसत्या फीमध्ये. बायको म्हणते तेवढ्या पैशात एक चांगला ब्लोअर येईल, पावसाळ्यातली कामं तरी सोडावी लागणार नाहीत.

कोणी घेतलीय का अशी मेंबरशिप? गिऱ्हाईक खरंच विचारतं का कशाचे मेंबर आहात म्हणून? आणि पैसे अडकले तर हे लोक मदत करतात का, कारण एका ऑफिसने माझं बिल चार महिने लटकवलंय, फोन केला की अकाउंटवाले सुट्टीवर.

---

गालिचा_काका (नाशिक)

बाळा, पहिलं सांगतो ते तुझ्या बायकोच्या बाजूचं. घरचं गिऱ्हाईक कधीच विचारत नाही. इतकी वर्षं या कामात आहे, एकाही घरी मला कोणी मेंबरशिप विचारली नाही. ते तीनच गोष्टी विचारतात, किती घेणार, कधी वाळणार, आणि डाग जाणार का. फार तर गूगलवरचे रिव्ह्यू बघतात आणि शेजारणीला विचारतात.

ऑफिसचं वेगळं असतं पण तिथेही लोगो कोणी बघत नाही. फॅसिलिटी मॅनेजर, म्हणजे ऑफिसची देखभाल बघणारा, व्हेंडर फॉर्म देतो, त्यात जीएसटी, पॅन, उद्यम (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी), शॉप ॲक्टची पावती, कॅन्सल चेक, पोरांचं पोलीस व्हेरिफिकेशन आणि मोठी कंपनी असेल तर इन्शुरन्स. हे सगळं फाइलमध्ये तयार असेल तर काम मिळतं. शॉप ॲक्ट म्हणशील तर २०१७ च्या कायद्याने तुझ्यासारखी दोन-चारच माणसं असली की नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, रजिस्ट्रेशनची भानगड नाही, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नको.

आता दुसरी बाजू. मी स्वतः एका संघटनेत आहे आणि राहणार आहे, पण कारण वेगळं. तिथून माणसं मिळाली. एकदा इंटिरियरवाल्याने एका बंगल्यावर पाठवलं, दिवाणखान्यात मोठा चमकणारा गालिचा, मालकीणबाई म्हणाल्या सिल्क आहे, लाखाच्या वरची वस्तू. हाताला थंड आणि गुळगुळीत लागत होता, चमकही तशीच. पण मला शंका आली म्हणून फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपमधल्या एका जुन्या जाणत्याचा लगेच फोन, म्हणे काका पाणी लावू नका, आधी मागच्या बाजूने एक धागा काढा आणि जाळून बघा. बाईंना विचारून कडेचा एक धागा काढला, ओट्यापाशी चिमट्यात धरून लायटर लावला. सिल्क किंवा लोकर असती तर केस जळाल्याचा वास येतो, जळता जळता विझते आणि काळी ठिसूळ गुठळी राहते. हा भराभर जळाला, कागद जळाल्याचा वास आणि खाली मऊ राखाडी राख. म्हणजे व्हिस्कोस. दुकानदार त्याला बांबू सिल्क, आर्ट सिल्क काय वाटेल ते नाव देतात. त्याला गरम पाण्याचं एक्स्ट्रॅक्शन दिलं असतं तर लव बसून कडक झाली असती आणि पिवळट पट्टे आले असते, ते परत जात नाहीत. मी बाईंना राख दाखवली, कोरड्या कंपाउंडने वरवर साफ केलं, बिलावर लिहून दिलं की वस्तू व्हिस्कोस आहे, ओली धुलाई केलेली नाही. त्या बाईंनी पुढे चार घरं दिली.

तर हे ज्ञान तुला २३,६०० च्या डिरेक्टरीत मिळणार आहे का ते विचार. फोन करणाऱ्याला सरळ विचार की तुमच्यात माझ्या धंद्यातले किती जण आहेत, दोघांचे नंबर द्या, मी बोलतो. नाही दिले तर विषय संपला.

---

स्लावची_वहिनी (यूके)

काकांचं वाचून बरं वाटलं 🙏 इकडचं सांगते कारण इकडे चित्र एकदम उलटं आहे. माझे मिस्टर स्लावमध्ये हेच काम करतात, एक व्हॅन आणि एक मदतनीस.

इकडे घराघरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, जिन्यावरसुद्धा, त्यामुळे या कामाची स्वतःची संघटना आहे, नॅशनल कार्पेट क्लीनर्स असोसिएशन, १९६८ पासूनची. नुसती फी भरून आत घेत नाहीत, ट्रेनिंग झालेलं पाहिजे, इन्शुरन्स पाहिजे, त्यांची नियमावली पाळावी लागते आणि गिऱ्हाइकाची तक्रार आली तर ते मधे पडतात. भाड्याचं घर सोडताना डिपॉझिटवरून भांडणं होतात तेव्हा व्यवस्थित क्लीनिंग केल्याचं बिल पुरावा म्हणून लागतं. २०१९ च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये घरमालक भाडेकरूला प्रोफेशनल क्लीनिंगचे पैसे भरायची सक्ती करू शकत नाही, पण घर जसं घेतलं तितकं स्वच्छ परत द्यावंच लागतं. मग लोकं मेंबर शोधूनच फोन करतात. आम्हाला त्या यादीवरून कामं येतात, हे खरं आहे.

पण मला वेगळंच सांगायचंय आणि ते भारतातही लागू आहे. साधी पब्लिक लायेबिलिटी पॉलिसी घेतली की आपल्याला वाटतं झालं. पण समजा पाइप फुटून खालच्या मजल्यावर पाणी गेलं, तर ती पॉलिसी कामाला येईल. ज्या कार्पेटवर तुम्ही काम करताय तेच खराब झालं तर बऱ्याच पॉलिसींमध्ये ते वगळलेलं असतं, कारण वस्तू तुमच्या ताब्यात होती. इकडे त्यासाठी ट्रीटमेंट रिस्क नावाचं वेगळं कव्हर असतं आणि ते आम्हाला संघटनेमुळेच कळलं, एजंट काही बोलला नव्हता. तर भाऊ, तुम्ही तुमच्या एजंटला नेमकं हेच विचारा, मी ज्या सोफ्यावर काम करतोय तोच बिघडला तर क्लेम मिळतो का, आणि उत्तर ईमेलवर मागा.

आयआयसीआरसीचं नाव तिकडेही ऐकलं असेल. ती १९७२ ची अमेरिकन संस्था, ती सर्टिफिकेट देते. त्यांचा कार्पेट क्लीनिंग टेक्निशियनचा कोर्स दोन दिवसांचा, मग परीक्षा. लक्षात ठेवा, या कोर्सचं सर्टिफिकेट माणसाच्या नावावर असतं, फर्मच्या नाही. पोराला पाठवलं आणि तो उद्या दुसरीकडे गेला तर सर्टिफिकेट त्याच्याबरोबर गेलं. म्हणून पहिल्यांदा स्वतः करा.

---

हिशोबनीस

मी सीए आहे, असे बरेच छोटे क्लायंट आहेत, त्यामुळे अडकलेल्या बिलावर लिहितो. त्यासाठी कुठल्याही असोसिएशनची गरज नाही, तुमच्याकडे उद्यम नोंदणी आहे का ते आधी सांगा. नसेल तर आज काढा. आधार आणि पॅन लागतो, सरकारी पोर्टलवर फुकट होते, हजार-दोन हजार मागणाऱ्या खाजगी साइट्स आहेत त्यांच्या नादी लागू नका.

उद्यम असेल तर २००६ चा एमएसएमईडी कायदा, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांचा कायदा, तुमच्या बाजूने आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, तेही महिन्यामहिन्याने. तुम्ही सर्व्हिस देताय म्हणून हे तुम्हाला लागू आहे, माल आणून विकणाऱ्या ट्रेडरला हा फायदा मिळत नाही. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर टाकता येते, ती आपल्या विभागाच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाते. वेळ लागतो हे खरं आहे पण नोटीस गेली की बऱ्याच कंपन्या हलतात.

आणि त्याहून कामाची गोष्ट म्हणजे आयकरातला उशिरा पेमेंटचा नियम, १९६१ च्या कायद्यात ४३बी(एच) म्हणून २०२४-२५ च्या असेसमेंट वर्षापासून आलेला. मायक्रो आणि स्मॉल उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, जेव्हा प्रत्यक्ष पैसे देतील तेव्हाच मिळतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये अकाउंटवाले स्वतःच यादी काढून बसतात. तुमच्या बिलावर उद्यम नंबर आणि 'मायक्रो' असं ठळक छापा, नाहीतर त्यांना कळणार कसं. नोंदणी काम करण्याच्या आधीची असली पाहिजे, नंतर काढून जुन्या बिलावर दावा सांगायला गेलात तर समोरचा वकील तेच पकडतो.

मेंबरशिपच्या फीवरचा जीएसटी म्हणाल तर तुम्ही जीएसटीत नोंदलेले असाल तर क्रेडिटचं आपल्या सीएशी बोलून घ्या. सर्व्हिसला २० लाखांच्या खाली उलाढाल असेल तर नोंदणी सक्तीची नाही पण ऑफिसं धरायची म्हणताय तर ती मागतीलच.

---

शॅम्पू_सम्राट

मी वाकडला आहे, हेच काम. मला वाटतं आपण क्लीनिंगवाल्यांनीच आपली संघटना काढली पाहिजे. नवीन पोरं ओएलएक्सवरनं मशीन घेतात आणि पाच सीटचा सोफा ५०० रुपयांत करतात, डिटर्जंटचं पाणी मारतात, नीट ओढून काढत नाहीत, आठवड्यात सोफा चिकट होऊन दुप्पट मळतो आणि मग गिऱ्हाईक म्हणतं क्लीनिंगच खराब असतं. सगळ्यांनी मिळून एक रेट ठरवायचा, त्याच्या खाली कोणी जायचं नाही. २३ हजार दुसऱ्याला देण्यापेक्षा हे बरं.

---

हिशोबनीस

संघटना जरूर काढा, पण रेट ठरवायचा नाही. हे गंभीरपणे सांगतोय. स्पर्धा कायदा २००२, कलम ३, एकाच धंद्यातल्या लोकांनी एकत्र येऊन भाव ठरवणं बेकायदेशीर आहे, संघटनेच्या नावाने केलं तरी. औषध विक्रेत्यांच्या संघटनांना स्पर्धा आयोगाने दंड केलेले आहेत. 'आमच्या ग्रुपचा रेट अमुक' असा मेसेज कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून ठेवू नका.

रेट सोडून बाकी खूप काही करता येतं. एकत्र केमिकल घेणं, ट्रेनिंग ठेवणं, कामाची किमान पद्धत ठरवणं, गिऱ्हाइकाला द्यायचा एक छापील फॉर्म बनवणं. आधी नुसता ग्रुप चालवा, वर्षभर टिकला तर सोसायटी म्हणून नोंदवा, त्याला किमान सात माणसं लागतात आणि महाराष्ट्रात पुढे धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यासाची नोंदणी, दरवर्षीचा हिशोब वगैरे आलंच. सात जण दर महिन्याला भेटतात का ते आधी बघा.

---

गालिचा_काका (नाशिक)

सम्राटा, ५०० वाल्याशी रेटने भांडू नको रे. त्याच्याकडे गेलेलं गिऱ्हाईक सहा महिन्यांत तुझ्याकडे येतं, फक्त तेव्हा तू त्याला सांगू शकला पाहिजेस की आधीच्याने काय केलं. मी पांढरा ओला रुमाल घेऊन सोफ्याच्या हातावर जरा दाबून फिरवतो, साबण राहिला असेल तर चिकट लागतं आणि रुमालावर लगेच राखाडी उतरतं. नुसत्या साध्या पाण्याने एक्स्ट्रॅक्शन केलं तरी टाकीत फेस येतो, तो फेस गिऱ्हाइकाला दाखवायचा. तो बघितला की भावाची घासाघीस बंद होते.

बाकी एक राहिलं. या धंद्यापुरत्या संघटनेऐवजी मिश्र धंद्यांच्या ग्रुपचं बघितलंस का? पुण्यात मराठा चेंबर आहे, १९३४ ची संस्था, तिथे छोट्या उद्योगांसाठी कायदे, टॅक्स, सरकारी योजना यावर कार्यक्रम होतात. मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लब आहे, माधवराव भिड्यांनी सुरू केलेला. बीएनआय म्हणून एकमेकांना कामं देणाऱ्या धंदेवाल्यांची संस्था आहे, तिच्या एका चॅप्टरमध्ये (स्थानिक गटात) एका धंद्याचा एकच माणूस घेतात, त्यामुळे तू गेलास की त्या चॅप्टरमधला क्लीनिंगवाला तूच. पण दर आठवड्याला सकाळी लवकर मीटिंग, गैरहजेरीही मोजतात. तुझ्यासारख्या स्वतः मशीन धरणाऱ्याने आधी पाहुणा म्हणून जाऊन बघावं. खोलीत इंटिरियरवाला, फर्निचरवाला, रंगारी आणि फॅसिलिटीवाला असे चार जण दिसले तर विचार कर. सगळे विमा एजंट आणि वेबसाइटवाले असतील तर चहा पिऊन निघ.

---

चिंचवडचा_क्लीनर

काका, वहिनी, सीए साहेब, सगळ्यांचे खूप आभार. त्या संघटनेला फोन केला आणि काकांनी सांगितलं तसं विचारलं, तुमच्यात क्लीनिंगवाले किती, तर म्हणाले तुम्ही पहिले असाल, कॉम्पिटिशनच नाही. म्हटलं दोन मेंबरांचे नंबर द्या, कुठल्याही धंद्यातले चालतील. अजून आले नाहीत.

उद्यम माझ्याकडे आहे, बँकेच्या लोनसाठी काढलं होतं, पण बिलावर कधी छापलंच नव्हतं. ते लटकलेलं काम उद्यमनंतरचंच आहे. सीए साहेब, आधी त्या कंपनीला ईमेल करू का थेट पोर्टलवर तक्रार टाकू? मला पुढेही त्यांच्याकडं काम पाहिजे आहे, फॅसिलिटीवाला माणूस चांगला आहे, अडचण अकाउंटची आहे.

इन्शुरन्सवाल्याला वहिनींचा प्रश्न जसाच्या तसा पाठवला. तो म्हणाला बघून सांगतो.

---

हिशोबनीस

आधी ईमेल, आणि भाषा साधी ठेवा. बिल नंबर, तारीख, काम पूर्ण झाल्याची सही, उद्यम सर्टिफिकेट जोडा आणि एवढंच लिहा की आम्ही मायक्रो युनिट आहोत, आयकरातल्या उशिरा पेमेंटच्या नियमामुळे तुमच्या हिशोबावर परिणाम होऊ नये म्हणून कळवतोय, कृपया पेमेंटची तारीख द्या. सीसीमध्ये फॅसिलिटीवाला आणि फायनान्स हेड दोघं. व्याजाचा उल्लेख पहिल्या पत्रात नको. पंधरा दिवस थांबा, मग दुसऱ्या पत्रात व्याजाचा आकडा, आणि तरी नाहीच तर पोर्टलवर तक्रार. काम झाल्याची सही घेतली होती ना? ती नसेल तर निदान त्यांच्या सिक्युरिटीच्या रजिस्टरमधली एन्ट्री आणि तुमचे आधी-नंतरचे फोटो काढून ठेवा.

---

स्लावची_वहिनी (यूके)

आणि भाऊ, इन्शुरन्सवाला 'हो सगळं कव्हर होतं' असं फोनवर म्हणाला तर मानू नका. पॉलिसीच्या कागदात अपवादांचं पान असतं, त्यात ताब्यातली किंवा काम चालू असलेली मालमत्ता वगळलीय का ते स्वतः वाचा. वगळलेली असेल तर ॲड-ऑन मिळतो का विचारा. माझ्या मते तुमच्या २३,६०० मधले पहिले पैसे इथे जावेत, मग ब्लोअर, कारण ऑफिसवाले तो कागद मागणारच आहेत.

---

शॅम्पू_सम्राट

सीए साहेब, रेटचं समजलं, तो विषय सोडला. चिंचवडकर भाऊ, तुम्ही, मी आणि रावेतला अजून एक ओळखीचा आहे, तिघं मिळून केमिकल घेऊया का? पाच लिटरच्या कॅनपेक्षा वीसचा घेतला तर बराच फरक पडतो. आणि मोठ्या ऑफिसला मशीन कमी पडलं तर एकमेकांचं वापरू. काका, पुण्याला कधी येणार असाल तर ते धागा जाळून बघायचं आम्हाला एकदा समोर करून दाखवा, आमच्या पोरांनाही बसवतो.

---

गालिचा_काका (नाशिक)

येतो की. दिवाळीचा सीझन संपल्यावर ठेवा, तेव्हा सगळ्यांचे हात मोकळे असतात. फर्निचरच्या दुकानातून कापडाचे आणि कार्पेटचे जुने सॅम्पल तुकडे मागून आणा, लोकर, कॉटन, पॉलिस्टर, नायलॉन, व्हिस्कोस, ज्यूटची पाठ असलेला एक असे वेगवेगळे पाहिजेत, दुकानवाले जुने कॅटलॉग टाकूनच देतात. ज्यूटवाल्यावर मुद्दाम जास्त पाणी मारून दुसऱ्या दिवशी वर तपकिरी डाग कसा चढतो ते दाखवतो, आणि सौम्य ॲसिडिक रिन्सने तो कितपत मागे घेता येतो तेही. त्यासाठी दोन दिवस लागतील, शनिवार-रविवार धरा. फी नको, राहायची सोय करा.